विखुरलेल्या यंत्रांच्या रोजनिशा : नोंदी गोळा करण्याचें साधन कसें निवडावें?

मेहकरच्या एखाद्या गृहस्थानें पुण्यास शिकत असलेल्या आपल्या मुलीच्या खात्यावर मोबाइलवरून दोन हजार रुपये पाठवावे, त्याच्या खात्यांतून ती रक्कम तत्काळ वजा व्हावी, आणि मुलीच्या खात्यांत मात्र ती जमा होऊं नये, हा प्रसंग आज सुशिक्षित कुटुंबांना अगदींच अपरिचित राहिलेला नाहीं. अशा वेळीं पैसे गेले कोठें? ते पाठविणाऱ्याच्या बँकेंत अडले, मधल्या देवघेवीच्या केंद्रांत अडले, कीं घेणाऱ्या बँकेच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले? रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ रोजीं काढलेल्या परिपत्रकान्वयें, यूपीआय किंवा आयएमपीएस या मार्गानें पाठविलेली रक्कम घेणाऱ्याच्या खात्यांत जमा होऊं शकली नाहीं, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत पाठविणाऱ्यास आपोआप परत मिळाली पाहिजे. त्यापुढील विलंबाबद्दल दर दिवशीं १०० रुपये भरपाई देण्याचें बंधन आहे. नियम स्पष्ट आहे. परंतु ज्या तक्रारीचा उलगडा आपोआप होत नाहीं, तिच्यांत माणसालाच शोध घ्यावा लागतो. आणि त्या शोधाचा मुख्य आधार म्हणजे त्या व्यवहारांत भाग घेतलेल्या प्रत्येक यंत्रानें त्या क्षणीं स्वतःपाशीं करून ठेवलेली नोंद.

या नोंदींना संगणकाच्या परिभाषेंत 'लॉग' असें म्हणतात. शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठीं गांठी मारलेल्या दोरीस लाकडाचा एक तुकडा बांधून तो समुद्रांत सोडीत, आणि ठराविक वेळांत किती गांठी हातांतून सुटल्या तें मोजीत. त्या लाकडाच्या तुकड्यास लॉग म्हणत. आणि तें माप ज्या वहींत उतरून ठेवीत ती लॉगबुक, म्हणजे जहाजाची रोजनिशी. संगणकावर चालणारें प्रत्येक सॉफ्टवेअर अशीच एक रोजनिशी लिहीत असतें : इतके वाजून इतक्या मिनिटांनीं व सेकंदांनीं अमुक मागणी आली, खातें तपासलें, शिल्लक पुरेशी आढळली, पुढील यंत्राकडे निरोप पाठविला, उत्तर आलें, अथवा ठराविक वेळ वाट पाहूनहि आलें नाहीं.

सगळें काम एकाच संगणकावर चालत होतें तोंपर्यंत ही रोजनिशीहि एकच असे, आणि ती उघडून वाचणें फारसें कठीण नसे. आतां तसें राहिलेलें नाहीं. एक यंत्र ग्राहकाची ओळख पटवितें, दुसरें शिल्लक पाहतें, तिसरें रक्कम वळती करितें, चौथें मोबाइलवर संदेश पाठवितें. शिवाय प्रत्येकाच्या अनेक प्रती एकाच वेळीं काम करीत असतात. काम वाढलें कीं नव्या प्रती उभ्या केल्या जातात, आणि काम ओसरलें कीं त्या मोडूनहि टाकल्या जातात. यांतील विलक्षण गोष्ट अशी कीं, प्रत मोडली म्हणजे बहुधा तिची रोजनिशीहि तिच्याबरोबरच नाहींशी होते. अशा परस्परांपासून दूर असलेल्या पण एकाच कामांत गुंतलेल्या यंत्रसमूहास विखुरलेली यंत्रणा म्हणतां येईल. तिच्या शेंकडों रोजनिशा वेळच्या वेळीं उचलून एका ठिकाणीं सुरक्षित आणून ठेवणारें जें सॉफ्टवेअर, तेंच नोंदसंग्राहक साधन. तें कसें निवडावें हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठीं बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या रेल्वेचें उदाहरण घेण्यासारखें आहे. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं या जिल्ह्यांतील स्थानकें लागतात. आणि जलंबहून खामगांवास एक फांटा जातो, जो कापसाच्या पेठेसाठीं १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें सुरू झाला. प्रत्येक स्थानकांत गाड्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदीचें पुस्तक असतें. आतां समजा, एखादी गाडी मलकापूरहून वेळेवर निघाली, पण शेगांवास वीस मिनिटें उशिरा पोहोंचली. हीं वीस मिनिटें कोठें गेलीं, तें कोणत्याहि एका स्थानकाच्या पुस्तकावरून कळणार नाहीं. सगळीं पुस्तकें शेजारीं शेजारीं मांडावीं लागतील. आणि मांडूनहि त्यांचा उपयोग व्हावयाचा, तर तीन गोष्टी असावयास हव्यात. पहिली, एकहि पुस्तक गहाळ झालेलें नसावें. दुसरी, सर्व पुस्तकांत त्या गाडीचा क्रमांक एकच लिहिलेला असावा. तिसरी, सर्व स्थानकांचीं घड्याळें परस्परांशीं जुळलेलीं असावीं.

यांपैकीं तिसरी गोष्ट आज सहज वाटते, पण ती सहज साधलेली नाहीं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ सालीं अमलांत आली. तरीहि मुंबई शहरानें आपली निराळी, ३९ मिनिटें मागें असलेली वेळ पुढें १९५५ पर्यंत चालू ठेविली. संगणकांचें तसेंच आहे. प्रत्येकाचें घड्याळ स्वतंत्र असतें आणि तें हळूहळू पुढें किंवा मागें सरकतें. म्हणून भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं दिलेल्या निर्देशांत, सर्व सेवादात्यांनीं व संस्थांनीं आपल्या संगणकांचीं घड्याळें राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशीं, अथवा त्यांच्याशीं जुळणाऱ्या वेळेशीं, मिळवून घ्यावीं असें सांगितलें. त्याच निर्देशानें नोंदी १८० दिवस, आणि त्याहि भारतांतच, जपून ठेवणें बंधनकारक केलें, आणि सुरक्षिततेसंबंधींचा कांहीं प्रकार उघडकीस आल्यापासून सहा तासांच्या आंत तो कळविण्यास सांगितलें. ज्या संस्थेच्या नोंदी दहा ठिकाणीं विखुरलेल्या आहेत, तिला सहा तासांत काय झालें हें सांगतांच येणार नाहीं.

घड्याळें जुळविल्यावरहि एक सूक्ष्म अडचण उरते. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञानें १९७८ सालीं एका प्रसिद्ध निबंधांत दाखवून दिलें कीं, दूरदूरच्या संगणकांवरील दोन घटनांपैकीं आधींची कोणती, हें केवळ घड्याळावरून खात्रीनें ठरवितां येत नाहीं. तें कार्यकारणावरून ठरवावें लागतें. पत्र पाठविल्याशिवाय तें पोहोंचत नाहीं, म्हणून पाठविणें आधीं व पोहोंचणें मागाहून, एवढें मात्र निश्चित. व्यवहारांत याचा अर्थ असा कीं, प्रत्येक व्यवहारास आरंभींच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो ज्या ज्या यंत्रांतून जाईल त्या प्रत्येकाच्या रोजनिशींत तोच क्रमांक उमटावा. रेल्वेच्या पुस्तकांतील गाडीच्या क्रमांकाचें काम तो करितो. हा क्रमांक नसेल, तर कितीहि उत्तम संग्राहक आणला तरी हातीं केवळ कागदांचा ढीग येईल. म्हणून साधन विकत घेण्यापूर्वीं किंवा बसविण्यापूर्वीं ही व्यवस्था झाली आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

आतां निवडीकडे वळूं. बुलढाणा शहरांतच मुख्य कार्यालय असलेली बुलढाणा अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी १९८६ सालीं स्थापन झाली, आणि आज तिच्या शाखा महाराष्ट्राबाहेरहि आहेत. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणींहि शेंकडों शाखांचा कारभार चालूं शकतो, हें त्यावरून दिसतें. विवेचनासाठीं त्याहून पुष्कळ लहान अशी एक निव्वळ कल्पित पतसंस्था घेऊं. तिच्या चाळीस शाखा आहेत. कांहीं घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या बाजूस, आणि कांहीं घाटाखालीं, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव या बाजूस. तिचे मुख्य संगणक बुलढाण्यास आहेत, आणि नोंदी साठविण्याचें केंद्र पुण्यास भाड्यानें घेतलेलें आहे. तिनें कोणतें साधन घ्यावें?

पहिली कसोटी म्हणजे नोंदी उत्पन्न कोठें होतात. शाखांमधील संगणकांवर विंडोज असेल, मुख्य संगणकांवर लिनक्स असेल, जाळें सांभाळणाऱ्या पेट्या केवळ सिस्लॉग या जुन्या पद्धतीनेंच निरोप पाठवीत असतील. सिस्लॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनीं १९८० च्या दशकांत कॅलिफोर्निया विद्यापीठांत सेंडमेल या टपालप्रणालीसाठीं काढली, आणि ती अद्यापि सर्वत्र चालू आहे. तिच्या जुन्या रूपांत मात्र दोन दोष आहेत. निरोप पोहोंचल्याची पावती मिळत नाहीं, आणि २००१ सालीं लिहून ठेवलेल्या तिच्या वर्णनाप्रमाणें वेळेच्या नोंदींत महिना, दिवस, तास हें सर्व असलें तरी वर्षाचा आंकडा व देशाची वेळ यांचा पत्ता नसतो. २००९ च्या सुधारलेल्या प्रमाणांत ही वेळेची उणीव दूर झाली. तात्पर्य, आपल्याकडील प्रत्येक उगमाची यादी कागदावर लिहून, त्या सर्वांपासून उचलूं शकेल असेंच साधन विचारांत घ्यावें.

दुसरी कसोटी वजनाची. शाखेंतील संगणकाचें मुख्य काम ग्राहकाची सेवा करणें हें आहे; नोंदी उचलणारा नोकर त्याच्यावर भार होतां कामा नये. लॉगस्टॅश हें साधन जॉर्डन सिसेल यांनीं २००९ सालीं तयार केलें. नोंदींचें रूप पालटण्यांत तें फार कुशल आहे; परंतु तें जावाच्या यंत्रावर चालतें, आणि मूळ मांडणीप्रमाणें एक गिगाबाइट स्मृति केवळ त्याच्या कामासाठीं राखून ठेवावी लागते. फ्लुएंटडी हें साधन सदायुकी फुरुहाशी यांनीं २०११ सालीं काढलें. त्यास कांहीं दशक मेगाबाइट पुरतात. त्याचेंच धाकटें भावंड फ्लुएंट बिट हें सी भाषेंत लिहिलेलें असून अगदीं थोड्या स्मृतींत आरंभ करूं शकतें. जेथें एकच भक्कम सर्व्हर आहे तेथें हा भेद गौण आहे; जेथें चाळीस शाखांतील जुने संगणक आहेत तेथें तो निर्णायक ठरतो.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच बहुधा दुर्लक्ष होतें. तार तुटली तर काय होतें? समजा, पावसाळ्यांत राजूर घाटांत किंवा आणखी कोठें केबल तुटून बुलढाणें व पुणें यांचा संपर्क आठ तास बंद पडला. मुख्य संगणकांवर दर सेकंदास २०० नोंदी होत आहेत आणि प्रत्येक नोंद सरासरी ५०० बाइटांची आहे, असें धरूं. म्हणजे सेकंदास १०० किलोबाइट, तासास ३६० मेगाबाइट, आणि आठ तासांत २,८८० मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ तीन गिगाबाइट. एवढा सांठा मधल्या काळांत कोठेंतरी धरून ठेवावा लागेल. संग्राहकानें तो केवळ स्मृतींत धरावयाचें म्हटलें तर स्मृति भरेल. मग एक तर तो नव्या नोंदी टाकून देईल, किंवा स्वतःच कोसळेल. त्यानें तो तबकडीवर धरला, तर वीज जाऊनहि नोंदी राहतील.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. फ्लुएंट बिट, व्हेक्टर, लॉगस्टॅश, ओपनटेलिमेट्री कलेक्टर या सर्वांस तबकडीवर सांठा करतां येतो. परंतु त्यांची मूळ मांडणी जशीच्या तशी ठेविली, तर वाट पाहणाऱ्या नोंदी हीं साधनें स्मृतींतच धरतात. तबकडीची सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि ती किती जागा व्यापील याची मर्यादाहि मुद्दाम घालावी लागते. फाइलबीट हें साधन थोड्या निराळ्या मार्गानें जातें. तें नोंदींची प्रत करून न ठेवतां, मूळ फाइल कोठपर्यंत वाचून झाली त्याची खूण आपल्यापाशीं लिहून ठेवतें, आणि तार जुळली म्हणजे त्या खुणेपासून पुढें वाचूं लागतें. ही युक्ति सोपी व उत्तम आहे. मात्र त्या अवधींत मूळ फाइल कोणी पुसून टाकतां कामा नये. जागा वाचविण्यासाठीं जुन्या फाइली दर तासास काढून टाकण्याची व्यवस्था असेल, तर आठ तासांच्या खंडांत सात तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या असें समजावें.

तार जुळल्यावरचा हिशेबहि करून पाहावा. समजा, तारेची वाहण्याची शक्ति सेकंदास ४०० किलोबाइट आहे. त्यांतील १०० किलोबाइट चालू नोंदींस लागतात; उरलेल्या ३०० नीं मागचा २,८८० मेगाबाइटांचा तुंबारा उपसावयाचा. त्यास ९,६०० सेकंद, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटें लागतील. तारेची शक्ति १२० किलोबाइटच असेल, तर शिल्लक २० राहते आणि त्याच कामास चाळीस तास लागतात. म्हणून तार नेहमींच्या कामास जेमतेम पुरते एवढ्यावर समाधान मानूं नये. माघ वद्य सप्तमीस शेगांवीं श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनास लोटणारी गर्दी, किंवा कापसाच्या हंगामांत खामगांवच्या बाजारांत होणारी देवघेव, यांसारख्या दिवशीं व्यवहार अनेक पटींनीं वाढतात, आणि त्याबरोबर नोंदीहि वाढतात. नेमक्या त्याच दिवशीं तक्रारीहि अधिक येतात.

चौथी कसोटी खात्रीची. नोंद पाठविली, पण पोहोंचल्याची पावती येण्यापूर्वींच तार तुटली, तर संग्राहकानें काय करावें? पुन्हा पाठविली तर ती दोनदां पोहोंचण्याचा संभव. न पाठविली तर मुळींच न पोहोंचण्याचा संभव. पैशाच्या व्यवहारांत दुसरा दोष अक्षम्य आहे, पहिला सुसह्य आहे. म्हणून पावती मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठविणारें साधन घ्यावें, आणि प्रत्येक नोंदीवर तिचा स्वतंत्र क्रमांक घालून, दोनदां आलेली नोंद मध्यवर्ती केंद्रांत ओळखून काढून टाकावी.

पांचवी कसोटी गुप्ततेची. रोजनिशी सर्व कांहीं लिहिते, म्हणून जें लिहूं नये तेंहि तिच्यांत जाऊन बसतें. मे २०१८ मध्यें ट्विटर कंपनीनें जाहीर केलें कीं, एका दोषामुळें वापरणाऱ्यांचे पासवर्ड अंतर्गत रोजनिशींत उघड्या अक्षरांत लिहिले गेले होते. आणि आपल्या सुमारें ३३ कोटी सदस्यांस तिनें पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. जगांतील एका धनाढ्य कंपनीची ही गत, तर पतसंस्थेनें किती सावध राहावें! खातेक्रमांक, आधारक्रमांक, मोबाइलक्रमांक हे शाखेंतून बाहेर पडण्यापूर्वींच झांकले पाहिजेत. पुण्यास पोहोंचल्यावर झांकूं म्हटलें तर वाटेंत व सांठ्यांत ते उघडेच राहिले. पासवर्ड व ओटीपी तर मुळांतच लिहिले जाऊं नयेत. संग्राहकास असे क्रमांक ओळखून त्यांचे मधले अंक पुसतां आले पाहिजेत, आणि त्याची वाहतूक सांकेतिक लिपींत झाली पाहिजे.

याच कसोटींत साधनाची स्वतःची सुरक्षितताहि येते. डिसेंबर २०२१ मध्यें लॉग४जे या, नोंदी लिहिण्याच्या कामीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या भागांत असा दोष आढळला कीं, बाहेरच्या माणसानें पाठविलेला विशिष्ट मजकूर नुसता रोजनिशींत लिहिला गेला तरी त्या संगणकाचा ताबा त्याच्या हातीं जाऊं शके. मे २०२४ मध्यें फ्लुएंट बिटमध्यें एक गंभीर दोष उघडकीस आला व ३.०.४ या आवृत्तींत तो दुरुस्त करण्यांत आला. यावरून तीं साधनें टाकाऊ ठरत नाहींत. दोष निघणें व त्याची दुरुस्ती होणें हा या क्षेत्राचा नित्यक्रम आहे. परंतु चाळीस शाखांत बसविलेलें साधन एका दिवसांत नव्या आवृत्तीवर नेतां येईल अशी सोय ज्या संस्थेपाशीं नाहीं, तिनें तें बसविण्याची घाई करूं नये.

सहावी कसोटी आयुष्याची व परवान्याची. सॉफ्टवेअर फुकट मिळतें एवढ्यावरून तें कायम तसेंच मिळेल असें नाहीं. नोंदी सांठवून शोधण्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या इलास्टिकसर्चचा परवाना २०२१ सालीं बदलला. त्याच वर्षीं ॲमेझॉननें त्याच्या पूर्वीच्या रूपावरून ओपनसर्च हा निराळा प्रकल्प चालू केला. आणि २०२४ सालीं इलास्टिकसर्चनें पुन्हा एका खुल्या परवान्याचा पर्याय ठेविला. ग्राफाना लॅब्स या कंपनीनें २०२५ सालीं जाहीर केलें कीं, आपलें प्रॉमटेल हें संग्राहक साधन मार्च २०२६ पासून निवृत्त व्हावयाचें असून वापरणाऱ्यांनीं अलॉय या नव्या साधनाकडे वळावें. अशा प्रसंगीं ज्यांनीं नोंदींची वाहतूक एखाद्या खुल्या व सर्वमान्य पद्धतीनें ठेविली असेल, त्यांस फक्त नोकर बदलावा लागतो. ज्यांनीं ती एकाच कंपनीच्या खास पद्धतींत बांधली असेल, त्यांस सगळें घर बदलावें लागतें. ओपनटेलिमेट्री हा प्रकल्प २०१९ सालीं दोन पूर्वीचे प्रकल्प एकत्र होऊन निर्माण झाला, तो अशी सर्वमान्य पद्धति असावी याच हेतूनें.

या सहा कसोट्या लावल्या म्हणजे प्रमुख साधनांचीं स्थानें ठरवितां येतात. ज्या संस्थेपाशीं चार-पांच लिनक्स सर्व्हर आहेत आणि नोंदी साध्या आहेत, तिला आरसिस्लॉग किंवा सिस्लॉग-एनजी पुरे. आरसिस्लॉग तर पुष्कळदां लिनक्सबरोबर आलेलेंच असतें, आणि त्यास काम सांगावयाचें तेवढें राहिलेलें असतें. ज्या संस्थेचें शोधकार्य इलास्टिकसर्चवरच चालतें, तिला फाइलबीट सोयीचें. जेथें नोंदींचीं रूपें नाना प्रकारचीं आहेत आणि त्यांस जोडण्याचे तयार भाग हवेत, तेथें फ्लुएंटडी. जेथें हलकेपणा हवा, तेथें फ्लुएंट बिट. जेथें मध्यवर्ती ठिकाणीं मोठा प्रवाह गाळून, झांकून अनेक दिशांस वांटावयाचा आहे, तेथें रस्ट भाषेंत लिहिलेलें व्हेक्टर. तें २०२१ पासून डेटाडॉग या कंपनीच्या मालकीचें आहे, हें मात्र परवान्याच्या कसोटीच्या दृष्टीनें ध्यानांत असूं द्यावें. आणि जेथें नोंदींबरोबर व्यवहाराचा मार्ग व यंत्रांचीं मोजमापेंहि एकाच व्यवस्थेंत आणावयाचीं आहेत, तेथें ओपनटेलिमेट्री कलेक्टर. लिंक्डइनमध्यें जन्मलेलें व २०११ सालीं सर्वांस खुलें झालेलें काफ्का हें संग्राहक नसून मधलें मोठें कोठार आहे. फार मोठ्या प्रवाहास तें अवश्य, पण त्याची निगा राखण्यास स्वतंत्र जाणकार माणसें लागतात.

आपल्या कल्पित पतसंस्थेपुरतें बोलावयाचें तर मार्ग बराच स्पष्ट दिसतो. शाखांत फ्लुएंट बिट ठेवावें, तबकडीवरील सांठा चालू करावा आणि क्रमांक तेथेंच झांकावे. बुलढाण्यास दोन संगणकांवर ओपनटेलिमेट्री कलेक्टर ठेवावा, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम चालवील; तेथून खुल्या पद्धतीनें पुण्याच्या केंद्राकडे नोंदी पाठवाव्या. काफ्काच्या कोठाराची तिला आज गरज नाहीं. सेकंदास २०० नोंदींचा प्रवाह तबकडीवरच्या सांठ्यांत मावतो, आणि तीन माणसांच्या संगणक-विभागावर आणखी एका मोठ्या यंत्राचें ओझें घालणें शहाणपणाचें होणार नाहीं. साधनाची निवड करतांना ज्यांच्या हातीं तें पडावयाचें, त्यांची संख्या व तयारी हीहि एक कसोटीच समजली पाहिजे. मध्यरात्रीं तें बिघडलें तर बुलढाण्यांत तें दुरुस्त करणारा कोण, याचें उत्तर नांवानिशीं देतां आलें पाहिजे.

शेवटीं, निवड केलेलें साधन परीक्षेवांचून कामास लावूं नये. जाहिरातींतील वेगाचे आंकडे दुसऱ्याच्या यंत्रावर मोजलेले असतात. परीक्षा मात्र घरच्या घरीं घेतां येते, आणि ती अवघड नाहीं. १ पासून १,००,००० पर्यंत क्रमांक घातलेल्या नोंदी एका शाखेंत मुद्दाम लिहावयास लावाव्या. त्या लिहिल्या जात असतांनाच एक तासभर केबल काढून ठेवावी. पुन्हा तशाच एक लाख नोंदी लिहवून मध्येंच संग्राहक एकदम बंद पाडावा व थोड्या वेळानें चालू करावा. तिसऱ्या वेळीं तबकडी जवळजवळ भरून टाकावी. चौथ्या वेळीं नेहमींच्या दहापट वेगानें नोंदी सोडाव्या. प्रत्येक वेळीं पुण्याच्या केंद्रांत जाऊन कोणते क्रमांक आले नाहींत, कोणते दोनदां आले, आणि शाखेंतील नेहमींचें काम किती मंदावलें, हें मोजून लिहून ठेवावें. दोन साधनांच्या अशा परीक्षेचे आंकडे समोरासमोर मांडले, म्हणजे वादाला फारशी जागा उरत नाहीं.

ही परीक्षा एकदां घेऊनहि भागत नाहीं. संग्राहक निमूटपणें बंद पडतो; त्याच्या बंद पडण्याची वार्ता ग्राहकास लागत नाहीं, कारण पैशाचा व्यवहार त्याच्यावांचून चालूच राहतो. म्हणून प्रत्येक शाखेंतून शेवटची नोंद केव्हां आली, तें दर पांच मिनिटांनीं तपासणारी आणि विलंब झाल्यास संबंधितांस जागें करणारी स्वतंत्र व्यवस्था असावी. आणि वर्षांतून दोनदां, एकदां पावसाळ्यापूर्वीं व एकदां कापसाच्या हंगामापूर्वीं, वरील चारहि परीक्षा पुन्हा घ्याव्या. ज्या संस्थांत आपलीं बचतखातीं आहेत, त्यांच्या वार्षिक सभेंत नफ्यातोट्याच्या आंकड्यांबरोबर ह्या परीक्षेचा निकालहि विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदास आहे, आणि तो त्यानें अवश्य बजावावा.